ई-चलनाची फाइल आणि फोनचं एकच दार

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. अण्णा, म्हणजे माझे चुलते, माग बघतात आणि मी हिशेब. बँकेच्या खात्याला अण्णांचा नंबर जोडलेला.

त्यांना व्हॉट्सॲपवर ‘आरटीओ ई-चलन’ नावाची फाइल आली. नावाच्या शेवटी ‘डॉट एपीके’, म्हणजे अँड्रॉइड फोनवर ॲप बसवणारी फाइल. पाठवणारा नंबर अनोळखी असता तर अण्णांनी ढुंकूनही बघितलं नसतं. पण ती आली आम्हाला वर्षानुवर्षं सूत देणाऱ्या व्यापाऱ्याच्या नंबरवरून. सात रस्त्याला आपल्या टेम्पोचा फोटो निघाला असणार आणि यांना तो कुठून तरी कळला असणार, असं त्यांनी धरलं. फोनने विचारलं, बाहेरचं ॲप घ्यायचं का? हो. मेसेज वाचू देऊ का? हो. मग चलन बघायला एक रुपया भरा म्हणून कार्डाचे आकडे मागितले. ते दिल्यावर ॲपचं चिन्हच स्क्रीनवरून गायब झालं. “गेलं बघ आपोआप,” म्हणत अण्णा मागाकडे वळले.

ॲप फोनमध्येच होतं. बँकेचा प्रत्येक ओटीपी परस्पर चोरांकडे जात होता आणि अण्णांना मेसेज दिसतच नव्हते. शनिवारी कामगारांचा हप्ता काढायला मी खातं उघडलं, तर 86,000 रुपये कमी.

मी माझ्या फोनवरून 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली, मग बँकेला फोन केला. अण्णांचा फोन आधी फ्लाइट मोडवर टाकला. ही घाई का, ते सांगते. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकाप्रमाणे ग्राहकाच्या निष्काळजीपणाने पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे घरात बसून “कुणी सांगितलं होतं फाइल उघडायला?” यावर भांडण्यात गेलेला वेळ आपल्याच खिशातून जातो. थोडी रक्कम चोरांनी ती वळवलेल्या खात्यात अडकवली गेली आहे. बाकीची हातात येईल तेव्हा खरी.

नवी पेठेतल्या मोबाइलवाल्याने ॲप काढून दिलं आणि वर सल्लाही दिला, “आयफोन घ्या की ओ, ही भानगडच नाही.” त्याला महागडा फोन विकायचा होता हे उघड आहे, पण म्हणणं खोटं नाही. एपीके फाइल आयफोनवर चालतच नाही, आणि भारतात आयफोनला ॲप मिळायचं दुकान एकच, ॲपलचं स्वतःचं. 2008 पासून तसंच आहे. युरोपीय संघात मात्र कायद्यामुळे मार्च 2024 पासून इतर दुकानांना वाट मिळाली.

एकाच दुकानाचा फायदा आम्ही 86,000 रुपये मोजून शिकलो. पण मग सगळ्यांनी एकाच दारातून जावं का? इथे माझं मोबाइलवाल्याशी पटत नाही. ज्याचं दार एकटं, तो भाडं ठरवतो. डिजिटल विक्रीवर 15 ते 30 टक्के कमिशन घेतलं जातं. मार्च 2024 मध्ये याच पैशांच्या वादातून गूगलने ‘नोकरी’, ‘भारत मॅट्रिमनी’ अशी भारतीय ॲप आपल्या प्ले स्टोअरवरून काढली आणि सरकार मध्ये पडल्यावर परत घेतली. त्याआधी, ऑक्टोबर 2022 मध्ये, प्ले स्टोअरच्या बिलिंगवरून स्पर्धा आयोगाने गूगलला 936.44 कोटींचा दंड लावला होता. पुढे अपिलात तो कमी झाला.

आणि दारावरचा पहारेकरी फाइल तपासतो, व्यवहार नाही. सप्टेंबर 2022 ते ऑगस्ट 2023 या काळात प्ले स्टोअरवरून 2,200 हून अधिक कर्जाची ॲप काढावी लागली. काढली हे चांगलंच, पण ती आधी आत होती! फोटो आणि संपर्क यादी हातात घेऊन नातेवाइकांना फोन करणारी वसुलीवाली टोळी अशाच ॲपांतून माजली. तेव्हा कर्जाचं ॲप स्टोअरवर दिसलं तरी मागे कुठली बँक किंवा नोंदणीकृत वित्त कंपनी आहे ते आधी बघा.

मला जास्त खुपतं ते वेगळंच. फेब्रुवारी 2024 मध्ये फोनपेने इंडस ॲपस्टोअर काढलं, ते मराठीतही चालतं. पण फोनमध्ये ते आधीपासून नसेल तर एपीके उतरवूनच बसवायचं, म्हणजे अण्णांनी दिली तीच परवानगी द्यायची. चोर आणि साव एकाच खिडकीतून आत येणार, आणि फोन दोघांसाठी जवळपास तोच इशारा दाखवणार. साठीतल्या माणसाने ओळखायचं कसं? दुसरी दुकानं हवीतच, पण त्यांची तपासणी करून त्यांना वेगळं, ठळक दार द्यायला हवं. खिडकी सताड उघडी ठेवणं म्हणजे स्पर्धा नव्हे.

तोवर घरातल्या प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ‘अननोन ॲप्स’ शोधा आणि व्हॉट्सॲप, क्रोम, फाइल मॅनेजर या तिघांची परवानगी बंद करा. चलन खरंच आहे का, ते परिवहन विभागाच्या ई-चलन संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि मागितलेला तपशील टाकून कळतं. त्यासाठी कुठलंही ॲप लागत नाही.

सूतवाल्यांवर मी रागावले होते, पण त्यांचाही फोन असाच धरला गेला होता आणि फाइल आपोआप सगळ्यांना जात होती. नंतर तेच अण्णांच्या फोनवरून झालं. टॉवेलच्या धंद्यातल्या आमच्या ओळखीच्यांपैकी कुणाला अण्णांच्या नावाने चलनाची फाइल आली असेल, तर ती उघडू नका. उघडली असेल तर आधी नेट बंद करा आणि दुसऱ्या फोनवरून 1930 लावा.