मागच्या सीटचं हॅमॉक, चिंगी आणि थारची थंडी: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

दिवाळीच्या सेलमध्ये घेतलेलं, गाडीच्या मागच्या सीटवर कुत्र्यासाठी अंथरायचं हे हॅमॉक कव्हर आता नऊ महिने वापरून झालं. माझी कुत्री चिंगी साडेपाच वर्षांची, गावठी, वजन २१ किलो. गाडी सात वर्षांची पेट्रोल हॅचबॅक. कव्हर २,४०० रुपयांना पडलं. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण हाच माल, हीच शिलाई चार वेगवेगळ्या नावांनी विकायला असते हे नंतर कळलं. एरवीच्या टेकडी-डॉक्टर-टेकडी फेऱ्यांत कुठलंही कव्हर चालून जातं. याची खरी परीक्षा झाली डिसेंबरात. पुणे ते जैसलमेर आणि परत, १९ दिवस, ३,४०० किलोमीटर, गाडीत मी आणि ती.

वस्तू अशी: मागच्या सीटवर झोळीसारखं पसरायचं, चार पट्टे पुढच्या-मागच्या हेडरेस्टला अडकवायचे, दोन गुंडाळ्या सीटच्या फटीत कोंबायच्या. पाय ठेवायचा खड्डा झाकला जातो, मधे जाळीची खिडकी, बेल्टची बक्कलं बाहेर काढायला व्हेल्क्रोच्या चिरा. जाहिरातीत याला ‘सेफ्टी’ म्हणतात. तसं काही नाही. हे सीट वाचवतं, कुत्र्याला नाही. जोरात ब्रेक लागला तर एवढं वजन कापड थोपवणार नाही. त्यासाठी छातीचा हार्नेस आणि गाडीला अडकणारा आखूड पट्टाच हवा. पट्टा हार्नेसलाच लावायचा, गळ्यातल्या कॉलरला कधीच नाही, नाहीतर सगळा हिसका मानेवर.

आता त्या पट्ट्याची गंमत. भरूचच्या अलीकडे मागून टक् असा आवाज आला आणि पुढच्या क्षणी चिंगीचं ओलं नाक माझ्या कोपराला. पट्टा सीटबेल्टच्या बक्कलमध्ये अडकवला होता, आणि कूस बदलताना तिचा पाय त्याच्या लाल बटणावर पडला होता. पंधरा मिनिटांनी परत तेच. तेव्हा ती बाईसाहेबांची चूक नाही, रचनेचीच आहे हे डोक्यात शिरलं. वडोदऱ्याला हार्डवेअरच्या दुकानातून स्क्रूनं बंद होणारी स्टीलची कडी घेतली. लहान मुलांची सीट बसवायला मागच्या सीटच्या फटीत लोखंडी आडव्या दांड्या असतात, आयसोफिक्सच्या, त्यातल्या एकीला पट्टा कायमचा अडकवला. नऊ महिन्यांत एकदाही सुटलेला नाही.

एकटीनं कुत्रं घेऊन निघताना खरी अडचण वाळवंटाची नसते. साखळी धरायला दुसरं कुणी नसतं, ही असते. पेट्रोल पंपावरच्या शौचालयात जायचं तर हिचं काय करायचं? गाडीत बंद करणं मला डिसेंबरातही मान्य नाही. बाहेर २४ अंश असले तरी उन्हातली बंद गाडी अर्ध्या तासात चाळिशीच्या वर जाते, आणि अनोळखी जागी पाच मिनिटांची पंचवीस कधी होतील सांगता येत नाही. मग दोघी आत. दाराच्या खिळ्याला साखळी, तिचं तोंड भिंतीकडे, माझी घाई. आधी वाट बघत असलेल्या बायकांना हसू आवरत नसे. तेव्हापासून प्रत्येक वस्तूला माझा एकच प्रश्न: हे एका हातानं होतं का?

हॅमॉक इथे अर्धं पास, अर्धं नापास. बाजूच्या चेन एका हातानं उघडतात. बंद करायला मात्र दुसऱ्या हातानं कापड ताणावं लागतं, म्हणजे साखळी दातात. व्हेल्क्रोच्या चिरा केसांनी भरल्या की चिकटत नाहीत, जुन्या टूथब्रशनं घासाव्या लागतात. मागे एसीचा झोत जवळजवळ पोहोचत नाही. थंडीत फरक पडला नाही, पण एप्रिलमध्ये जाळीची खिडकी पुरेशी पडेना.

घडी होणारं सिलिकॉनचं भांडं तर पहिल्याच वाऱ्यात उलटलं. पालनपूरच्या बाजारात लहान स्टीलचं घमेलं घेतलं. जड, सपाट बुडाचं, जेवण-पाणी दोन्हीला तेच. पाण्याचं वेगळं सांगते. बाडमेरच्या पुढे एका ढाब्यावरचं बोअरचं पाणी तिनं हुंगलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी चाखलं, मचूळ होतं. त्यानंतर २० लिटरचा जार कायम गाडीत.

रस्त्याबद्दल फार लिहीत नाही. घोडबंदर सोडलं तर त्रास नव्हता. पालनपूरहून डीसा, धानेरा, सांचोर, बाडमेर करत तिसऱ्या रात्री जैसलमेर. माणूस एकटा असता तर दोन दिवसांत पोचला असता, पण दर दोन तासांनी वीस मिनिटं थांबायचं ठरवलं होतं आणि ते पाळलं. गुजरातची हद्द सोडण्याआधी टाकी भरून घ्या, राजस्थानात पेट्रोल बरंच महाग आहे. ढाबे निवडताना जेवणापेक्षा तिथली कुत्री मोजा. प्रत्येक ढाब्याची स्वतःची टोळी असते, आणि मालकाचं ‘कुछ नहीं करते’ हे वाक्य तुमच्या कुत्र्यासाठी नसतं. मी पंपाच्या टोकाला, हवा भरायच्या जागेपलीकडे उतरायचे.

मुक्कामाचा अनुभव कडू-गोड. फोनवर ‘हां जी, डॉग अलाउड’ म्हणणाऱ्या तीन ठिकाणांनी दारात उभं केल्यावर ‘बाहर बांध दो’ सुनावलं. आता आधीच तिचा फोटो आणि वजन पाठवते आणि लेखी होकार घेते. जैसलमेरजवळच्या खुरी गावात मात्र नशीब उघडलं. मातीच्या भिंतींची, शेणानं सारवलेली खोली, मालकाच्या आईनं चिंगीला बघून पहिला प्रश्न विचारला तो माझ्याबद्दल: ‘अकेली आई है?’ दुसऱ्या दिवसापासून त्या तिला बाजरीचा सोगरा ताकात कुस्करून घालू लागल्या. सोगरा म्हणजे आपली भाकरीच, जरा जाड. चिंगीनं त्यानंतर माझ्या महागड्या कोरड्या दाण्यांकडे ढुंकून पाहिलं नाही.

थंडीचं म्हणाल तर थारमध्ये एका दिवसात दोन ऋतू असतात. दुपारी मी अर्ध्या बाह्यांत, रात्री गाडीच्या काट्यावर सहा अंश. आखूड केसांचं गावठी कुत्रं या थंडीत थरथरतं. तिच्यासाठी १,१०० रुपयांचं जॅकेट घेतलं होतं. पोटाखालचे दोन बंद लावायला दोन हात लागतात, अंधारात तर चार. दुसऱ्या रात्री तो नाद सोडला आणि आईकडून आणलेली धनगरी घोंगडी काढली. चिंचोक्याची खळ दिलेली, कडक, मेंढरांचा वास अजून टिकून असलेली. जमिनीवर टाकली की चिंगी स्वतःच गोल फिरून आत शिरायची. हॅमॉकवरही तीच अंथरली, कारण त्याचं गुळगुळीत कापड पहाटे बर्फासारखं गार पडतं आणि वळणावर तिचे पाय सटकतात. खालचे रबरी ठिपके कव्हरला सीटवर धरून ठेवतात, कव्हरवरच्या कुत्र्याला कोण धरणार?

पण घोंगडीला आणि चिंगीला, दोघींनाही चिकटणारा एक उपद्रव निघाला: भुरट. वाळूत उगवणारं गवत, त्याची काटेरी बोंडं पावसाळ्यानंतर सुकून सगळीकडे पसरलेली. खुरीच्या टेकाडावर पहिल्या संध्याकाळी चिंगी आनंदानं सुसाट सुटली आणि दोनशे पावलांवर मटकन बसली. चारही पंजे भरलेले. बोटांमधल्या मऊ जागेत बोंडं रुतलेली, ती दातांनी उपटायला बघत होती, म्हणजे काटे जिभेत. डोक्यावरची टॉर्च, भुवयांचा चिमटा, खोबरेल. तेल लावलं की केस मोकळे होतात आणि बोंड फिरवून काढता येतं, सरळ ओढलं तर टोकं आतच राहतात. इथे मात्र एक हात अजिबात पुरत नाही. त्या आजींनी तिचं डोकं मांडीवर घेतलं, कान कुरवाळले, आणि मी पाऊण तास काढत बसले. दुष्काळात याच भुरटाचं बी बाजरीत मिसळून खायचे, असं त्या सांगत होत्या. कुत्र्यांचे बूट? चार घेतले होते, ७०० रुपये. ती त्यात कथ्थक केल्यासारखी चालली, एक वाळूत गेला, उरलेले तीन कपाटात आहेत. त्यापेक्षा साखळी आणि मळलेली उंटवाट बरी.

सम गावाजवळच्या वाळूच्या टेकड्यांकडे मी एक मूर्खपणा केला. जीपच्या चाकोरीत तीसेक फूट गाडी घातली आणि पुढची चाकं बसली. टायरमधली हवा ३२ वरून २० वर आणून पाहिलं, फटफट वाळूच उडाली. एका जीपवाल्यानं दोर लावून ओढलं, ५०० रुपये. पुढच्या चाकांनी ओढणारी लहान गाडी डांबरावरच ठेवा.

डेझर्ट नॅशनल पार्कचं गवताळ रान मी सोडून दिलं. कुत्र्याला तिथे नेणं मलाच पटत नव्हतं. गोडावण, म्हणजे आपला माळढोक, जमिनीवर बहुधा एकच अंडं घालतो, आणि मोकाट कुत्री हा त्याच्या मुळावर आलेल्या कारणांपैकी एक आहे, विजेच्या तारांच्या जोडीनं. सगळे मिळून रानात दीडशेच्या आसपास उरलेत. लहानपणी शाळेच्या सहलीत सोलापूरजवळ नान्नजला मास्तरांनी लांबवर दाखवलेला ठिपका माळढोक होता की दगड, हे आजही माहीत नाही. तो मला थारमध्येही दिसला नाही. चिंगी बरोबर असताना तो दिसायलाही नको होता.

पाकिस्तान सीमेजवळच्या तनोटला देवळाबाहेर एका कुटुंबातल्या मुलानं हौसेनं दहा मिनिटं साखळी धरली. मी आत जाऊन, १९६५च्या लढाईत पडले पण फुटले नाहीत म्हणून ठेवलेले तोफगोळे बघून आले. बाहेर आले तर चिंगी त्याच्या बिस्किटांच्या पुड्यात.

परतल्यानंतरचं हॅमॉक. जानेवारीत मशीनला लावलं, जाळीत अडकलेली वाळू तीन धुण्यांनी निघाली. मेमध्ये उन्हात उभ्या गाडीत आतला प्लास्टिकचा थर पापुद्रे सोडू लागला, काळ्या पँटवर पांढरा कोंडा दिसतो. जूनमध्ये पुढच्या पट्ट्याचं प्लास्टिकचं बक्कल तुटलं. विक्रेत्यानं सहा महिन्यांची मुदत दाखवून हात झटकले. कोपऱ्यावरच्या बॅगदुरुस्तीवाल्या काकांनी ६० रुपयांत लोखंडी हूक शिवून दिला. तो अंगठ्यानं दाबला की सुटतो, मूळच्या बक्कलपेक्षा सोपा. पाणी अजून आत झिरपत नाही, आणि सध्याच्या पुण्याच्या पावसात तेवढ्यासाठी पैसे वसूल.

पाचातले तीन. पुन्हा घ्यायचं तर सुती कॅनव्हासचं, लोखंडी हुकांचं शिवून घेईन, काकांनी १,५०० सांगितलेत. घोंगडी अजून मागच्या सीटवरच आहे. काल झटकली तर एक भुरटाचं बोंड माझ्याच तळव्यात घुसलं, चिमटा शोधायला चिंगीच आधी उठली. चिमट्याशेजारीच हार्नेस टांगलेला असतो ना.