अकरावीचा केंद्रीय प्रवेश: सोय चांगली, पण पसंतिक्रम जपून

2025-26 पासून अकरावी प्रवेशाची ही ऑनलाइन पद्धत राज्यभर लागू झाली आणि सोलापूरही त्यात आलं. संगमेश्वर, वालचंद, दयानंद अशी कॉलेजागणिक फॉर्मची पायपीट संपली. शंभर रुपयांत एकच अर्ज. मंगळवेढ्याच्या पोराचे एसटीचे हेलपाटे वाचले. पूर्वी एकच हुशार पोरगा चार याद्यांत झळकायचा आणि त्या जागा उशिरा मोकळ्या व्हायच्या. आता एकाला एकच जागा.

खरी मेख पसंतिक्रमात आहे. नावं दहापर्यंत देता येतात, पण पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्या बंद. म्हणून नेट कॅफेवाला सुचवेल ते नाव वर टाकू नका. यादी वरून खाली तपासतात, त्यामुळे कटऑफच्या धास्तीने आवडतं कॉलेज खाली ढकलण्यात काही हशील नाही. अर्जाचा भाग एक (स्वतःची माहिती) भरून निवांत बसू नका, भाग दोन (पसंतिक्रम) लॉक केल्याशिवाय फेरीत नाव येत नाही. इनहाउस (त्याच संस्थेच्या शाळेतल्या मुलांसाठीच्या जागा), अल्पसंख्याक, व्यवस्थापन कोट्यासाठी पसंती वेगळी नोंदवावी लागते.

सर्व्हरला मात्र गुण कमीच. 21 मे 2025 ला पहिल्याच दिवशी संकेतस्थळ झोपलं आणि नोंदणी 26 मेवर गेली.