सीए मॅडम: काम चोख, पण सगळं व्हॉइस मेसेजवर (वर्षभराचा अनुभव)

नव्या वर्षाच्या फीचं पत्र आलं, आकडा १ लाख २० हजारांवरून १ लाख ४० हजारांवर गेलेला, म्हणून लिहायला बसलो. नाव देणार नाही, विचारू नका.

आमची पुण्यात छोटी एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) आहे. मोशन ग्राफिक्स आणि ॲपचं डिझाइन करतो, निम्म्याहून जास्त क्लायंट परदेशातले. आधीचे सीए बाबांच्या दुकानापासूनचे. वर्षाला १८ हजार घ्यायचे आणि वर चहा पाजायचे. एलएलपीला ४४ एडीएचा (उलाढालीचा ठरावीक हिस्सा नफा धरून कर भरायची सोय) फायदा मिळत नाही हे त्यांनी एलएलपी स्थापन झाल्यावर सांगितलं, पण ते असो. मॅडमची गाडी वेगळ्याच रुळांवरून आलेली. आर्टिकलशिप (सीएची उमेदवारी) साखर कारखान्यांच्या ऑडिटमध्ये, मग काही वर्षं मुंबईच्या मोठ्या फर्ममध्ये आंतरराष्ट्रीय कर, आणि आता कोथरूडला स्वतःचं ऑफिस. क्लायंट बहुतेक गेम स्टुडिओ, सॉफ्टवेअरवाले आणि जाहिरातपटवाले.

आधी तक्रार, कारण तीच डोक्यात बसली आहे. या बाई लिहीत नाहीत. काहीही विचारा, व्हॉइस मेसेज येतो. नमुना सांगतो. सुरुवातीला गाडी रिव्हर्स घेतानाची पीं-पीं. मग "हां, तर काय म्हणत होते मी". मग दोन मिनिटं अगदी मुद्द्याचं. मग भाजीवाल्याला "अर्धा किलो द्या, कोवळी बघून". आणि पार शेवटी, फोन ठेवता ठेवता, पैसे भरायची शेवटची तारीख. म्हणजे तारखेसाठी भेंडीपासून सगळं ऐकायचं. मी एक्सेलमध्ये रकाना केलाय: कुठल्या मेसेजमध्ये, कितव्या मिनिटाला, काय. "लेखी द्या ना" म्हटलं तर उत्तर ठरलेलं: लेखी मताची फी वेगळी. १ लाख २० हजार देऊन माणसाने मेसेज उतरवून काढत बसायचं?

त्यांच्याकडे गेलो ते जीएसटीच्या नोटिशीमुळे. परदेशी क्लायंटला आयजीएसटी (राज्याबाहेरच्या व्यवहारांवरचा जीएसटी) न लावता बिल करायचं तर एलयूटी (तसं हमीपत्र) दर आर्थिक वर्षाला नव्याने भरावं लागतं. २०२४-२५ चं आधीच्या ऑफिसने एप्रिलऐवजी जुलैत भरलं. मधल्या तीन महिन्यांची बिलं होती २२ लाखांची. एएसएमटी-१० (विवरणपत्रातल्या तफावतीची नोटीस) आली आणि १८ टक्क्यांनी ३ लाख ९६ हजार, वर व्याज. आधीचे सीए म्हणाले, भरून टाका आणि परतावा मागू. मॅडमनी नोव्हेंबर २०१९ चं १२५ क्रमांकाचं परिपत्रक काढलं. त्यात स्पष्ट आहे की निर्यात झाल्याचं सिद्ध होत असेल तर एलयूटीला उशीर झाला म्हणून शून्य दराचा लाभ नाकारू नये, उशीर माफ करता येतो. प्रत्येक बिलासमोर बँकेचं परकीय चलन जमा झाल्याचं प्रमाणपत्र लावून उत्तर दिलं. एएसएमटी-१२ (उत्तर मान्य झाल्याचा आदेश) आली, प्रकरण बंद. त्या उत्तराचे २५ हजार वेगळे घेतले. खुशीने दिले असं म्हणणार नाही, पण दिले.

त्याच वेळी त्यांनी परदेशी साउंड डिझायनरला दिलेले पैसेही पकडले. त्यावर रिव्हर्स चार्जने १८ टक्के आपणच भरायचे, तेही कॅश लेजरमधून (म्हणजे रोख, साठलेल्या क्रेडिटमधून नाही), आणि मग त्याचं क्रेडिट घ्यायचं, म्हणजे पुढच्या जीएसटीतून वळतं करायचं. हे आम्हाला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.

वरचं सगळं मार्चच्या मध्यात लिहिलं होतं आणि पाचपैकी तीन देणार होतो. आता एप्रिल उजाडलाय आणि मत थोडं सरकलंय.

झालं असं की मुंबईच्या एका जाहिरात एजन्सीकडे आमची बिलं कायम नव्वद-नव्वद दिवस पडून असतात. मॅडमनी आधी उद्यम नोंदणी करायला लावली (सरकारकडे छोटा उद्योग म्हणून नोंद; फुकट होते, कुणाला पैसे देऊ नका) आणि तो नंबर बिलावर छापायला सांगितला. मार्चमध्ये चार ओळींचं पत्र करून दिलं. आशय असा: आम्ही सूक्ष्म उद्योग, करारात काहीही लिहा, मुदत ४५ दिवसांच्या वर जात नाही, मुदत उलटलेलं बिल ३१ मार्चला बाकी राहिलं तर आयकर कायद्याच्या ४३ बी (एच) नुसार तो खर्च तुम्हाला यंदाच्या नफ्यातून वजा करता येणार नाही. एजन्सीच्या अकाउंट्समधून पहिल्यांदाच आपणहून फोन आला. "सर, बँक डिटेल्स तेच ना?" महिनाअखेरीआधी सगळी थकबाकी जमा. आणि हे पत्र चक्क लेखी होतं, तेही वेगळी फी न लावता! म्हणजे लिहिता येतं त्यांना.

दुसरं म्हणजे, मला प्रायव्हेट लिमिटेड करायची हौस आली होती. एलएलपीला ३० टक्के आणि वर सेस, तर ११५ बीएए (कमी दराचा पर्याय) घेतलेल्या कंपनीला २५.१६८ टक्के, एवढंच मी वाचलेलं. त्यांनी समोर बसवून कागदावर मांडून दाखवलं. कंपनीतून पैसे घरी आणायचे तर लाभांशावर पुन्हा कर, एलएलपीत नफ्याचा वाटा भागीदाराच्या हातात करमुक्त. आमच्यासारख्या सगळा नफा घरखर्चाला काढणाऱ्यांना कंपनीत काहीच सुटत नव्हतं. "गुंतवणूकदार आला की बघू," म्हणाल्या. रूपांतराची चांगली जाडजूड फी त्यांनी स्वतःहून सोडली. तिथे माझा अर्धा राग गेला.

एक काम अजून लोंबकळतंय. तीच एजन्सी जाहिरातींच्या निर्मितीवर १९४ सी (कंत्राटी काम) चे २ टक्के टीडीएस कापायच्या ऐवजी १९४ जे (व्यावसायिक सेवा) चे १० टक्के कापते. परतावा येतो, अर्धा टक्का महिना व्याजासकट येतो, पण तोवर पगार कशातून करायचे? मॅडम म्हणतात पत्र देऊ. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाल्याने कलमांचे आकडे बदललेत, त्यामुळे ते पत्र नव्याने करायचंय. अर्थात हेही मला मेसेजमध्येच कळलं, बहुधा सिग्नलला थांबून केलेल्या.

आता चार देतोय. परदेशी बिलिंग असेल, परदेशातल्या फ्रीलान्सरना पैसे जात असतील, एजन्सीकडे पैसे अडकत असतील, तर अशा सल्लागाराची फी वसूल होते. सगळे क्लायंट इथलेच आणि उलाढाल थोडी असेल तर १८ हजारवाले पुरतात, चहाही मिळतो. मी १ लाख ३० हजारांवर तडजोड केली, आणि भरण्याच्या सगळ्या तारखा महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ईमेलने येतील, ही अट फीच्या पत्रात घालून घेतली. एप्रिलचा ईमेल आलाय. त्यात तारखा आहेत, रकमा नाहीत.