वाय-१२, ट्विन ऑटर की डॉर्निअर? १९ आसनांचा हिशेब

डोंगरातल्या आखूड धावपट्ट्यांवर किंवा बेटाबेटांमध्ये प्रवासी सेवा चालवायची, तर १९ आसनी विमानांत निवड फार नाही. कॅनडाचं ट्विन ऑटर, मुळात जर्मन असलेलं आणि आपल्याकडे सरकारी हिंदुस्तान एरोनॉटिक्स (एचएएल) कानपूरला बनवते ते डॉर्निअर २२८, आणि चीनच्या हार्बिन कंपनीचं वाय-१२. चेक प्रजासत्ताकाचं एल-४१० सध्या बाजूला ठेवू. चिनी विमान बहुधा सवलतीच्या कर्जासोबत, कधी थेट भेट म्हणून येतं, आणि खरेदी समितीचा मोह तिथेच सुरू होतो. आधीच सांगून टाकतो, प्रवासी कंपनीसाठी मी वाय-१२ घेणार नाही. पण कारण ‘चायना माल’ हे नाही.

हार्बिनचा कारखाना १९५२चा. सोव्हिएत इल्युशिन-२८ बॉम्बरची चिनी आवृत्ती तिथे तयार झाली, फ्रेंच डॉफिन हेलिकॉप्टर परवान्याखाली झेड-९ म्हणून बनलं, पुढे ब्राझीलच्या एम्ब्रेअरबरोबर छोटी जेट विमानंही जोडली गेली. वाय-१२ पहिल्यांदा उडालं १९८२ मध्ये. १९९५ मध्ये त्याच्या चौथ्या आवृत्तीला अमेरिकेच्या एफएए या हवाई नियामकाचं प्रमाणपत्र मिळालं, आणि ते कुणी ओळखीवर देत नाही. नंतरच्या ‘ई’ आवृत्तीत इंजिनं कॅनडाची पीटी६, म्हणजे ट्विन ऑटरच्याच घराण्यातली. उड्डाणाचं कमाल वजनही दोघांचं सारखंच, ५,६७० किलो. हा योगायोग नव्हे. त्याच्या थोडं वर गेलं की मोठ्या विमानांचे कडक नियम लागू होतात. डॉर्निअर ६,४०० किलोपर्यंत जातं, म्हणून एचएएलने मुद्दाम ५,७०० किलोच्या आत बसणारी आवृत्ती काढली. नुसतं कमर्शिअल लायसन्स असलेला वैमानिकही ती चालवू शकतो.

वेगात डॉर्निअर सरळ पुढे. त्याची चाकं पोटात जातात, ताशी ४०० किलोमीटर सहज गाठतं. बाकी दोघं तीनशेच्या आसपास, चाकं बाहेर लोंबकळत. पण पंधरा-वीस मिनिटांच्या फेरीत हा फरक चहाच्या घोटाएवढा. डॉर्निअरच्या गॅरेट इंजिनांचा जमिनीवरचा कर्कश आवाज मात्र धावपट्टीशेजारी राहणाऱ्यांना विचारा. केबिनमध्ये हवेचा दाब राखण्याची सोय तिघांतही नाही. पाण्यावर फ्लोट आणि बर्फावर स्की लावून उतरायचं असेल तर ट्विन ऑटरला तोड नाही.

खरा फरक कळतो नेपाळमध्ये, कारण तिथे ही तिन्ही विमानं आली. नेपाळ एअरलाइन्सने २०१४ पासून चार वाय-१२ई आणि शिआन या दुसऱ्या चिनी कंपनीची दोन एमए-६० विमानं घेतली, काही अनुदानात, बाकी चिनी कर्जावर. २०१८ मध्ये एक वाय-१२ नेपाळगंजला धावपट्टी सोडून गेलं. जुलै २०२० मध्ये संचालक मंडळाने अख्खा चिनी ताफा जमिनीवर बसवला. नंतर विकायला काढला, भाड्याने द्यायचा प्रयत्न केला. बराच काळ गिऱ्हाईक फिरकलं नाही. कर्जाचे हप्ते मात्र चालूच.

आकाशात विमानाने फार घोळ घातला असं नव्हे. वैमानिक मिळेनात, शिकवायला चिनी प्रशिक्षकांची वाट पाहावी लागे, सुटे भाग वेळेवर येत नसत, विमा महाग. ट्विन ऑटरचा एखादा भाग गेला तर जगात कुठे ना कुठे कुणाच्या तरी गोदामात तो पडलेला असतो, कारण पहिल्या फळीतच ८४४ विमानं बनली आणि त्यांतली कित्येक आजही उडतात. वाय-१२च्या दाराची बिजागरी हवी असेल तर फोन हार्बिनलाच. पीटी६ इंजिन कुठेही दुरुस्त होईल हो, पण इंजिन म्हणजे विमान नव्हे.

उलट बाजूही बघा. मे २०२२ मध्ये नेपाळमधल्या पोखराहून मुक्तिनाथच्या वाटेवरच्या जोमसोमला निघालेलं जे विमान डोंगरावर आदळलं, त्यात २२ जण गेले, त्यांत ठाण्याचं एक कुटुंब होतं. ते विमान चिनी नव्हतं, ट्विन ऑटर होतं. मुक्तिनाथला जाणाऱ्या आपल्या मंडळींनी विमानाची जात विचारण्यापेक्षा सकाळची पहिली फेरी धरावी आणि हवा खराब असेल तर पोखऱ्यात एक मुक्काम वाढवावा. जोमसोमला दुपारकडे वारा असा सुटतो की विमानं सकाळीच उरकावी लागतात.

मग वाय-१२ कुणी घ्यावं? सरकारी खर्चाने चालणाऱ्या हवाई दलाने, जिथे तिकीट विक्रीचा प्रश्नच नाही. श्रीलंकेचं हवाई दल ते १९८०च्या दशकापासून वापरतंय. सेशेल्सने गस्तीला चीनकडून वाय-१२ घेतलं आणि भारताकडून डॉर्निअरही. तिथली प्रवासी कंपनी मात्र माहे ते प्रासलँ या दोन बेटांमधली पंधरा मिनिटांची फेरी ट्विन ऑटरनेच मारते. तिकिटं विकून नफ्यातोट्याचं गणित मांडणाऱ्याने काय निवडलं, ते यावरून दिसतं.

भारतात चालवायचं असेल तर डॉर्निअर. कानपूर जवळ आहे आणि अलायन्स एअर २०२२ पासून अरुणाचलात ते उडवतेय. इतरत्र, पैसे असतील तर ट्विन ऑटर, जुनं मिळालं तरी चालेल. आणि कुणी वाय-१२ फुकट देऊ केलंच, तर करारात तीन गोष्टी लिहून घ्या: सुट्या भागांचा साठा तुमच्या विमानतळावर, प्रशिक्षक किमान तीन वर्षं तुमच्याकडे मुक्कामी, आणि विमान बंद पडून राहिलं तर त्या दिवसांचा कर्जाचा हप्ता माफ. तिसऱ्या अटीवर समोरचा गप्प झाला, तर भेट परत करा.