भाडेकरू कंपनी बुडायला लागली: ताबा, सवलत, एनसीएलटी की नुसता क्लेम?

भाडं काही महिने थकलं आहे, ऑफिसातली निम्मी टेबलं रिकामी पडली आहेत आणि फोनवर ‘पुढच्या आठवड्यात नक्की’ याखेरीज उत्तर मिळत नाही. अशा वेळी जागामालकापुढे चार रस्ते असतात. करार संपवून ताबा परत घ्यायचा, भाड्यात सवलत देऊन कंपनीला सावरू द्यायचं, स्वतःच एनसीएलटीत, म्हणजे कंपन्यांच्या दिवाळखोरीचे अर्ज चालवणाऱ्या न्यायाधिकरणात, अर्ज करायचा, किंवा दुसऱ्या कोणी अर्ज केला की तिथे क्लेम, म्हणजे आपल्या येण्याची मागणी, टाकायचा. माझं मत आधीच सांगतो: थकबाकीपेक्षा ताब्याची किंमत जास्त असते. बहुतेक मालक नेमके थकबाकीच्या मागे लागतात आणि त्यात ताबा सोडवण्याची वेळ निघून जाते.

निवड करण्याआधी भाडेकरू कोण आहे ते करारावर पाहा. कंपनी किंवा एलएलपी असेल तर २०१६चा दिवाळखोरी कायदा, म्हणजे आयबीसी, लागू होतो. एकट्या मालकाची पेढी किंवा साधी भागीदारी असेल तर आयबीसीचा व्यक्तींसाठीचा भाग तिला अजून लागू नाही. डिसेंबर २०१९पासून तो फक्त कंपन्यांच्या वैयक्तिक हमीदारांपुरता अमलात आला. त्यामुळे पुढे सांगितलेला मोरॅटोरियम, म्हणजे दावे आणि वसुलीवरची कायदेशीर स्थगिती, पेढीच्या बाबतीत येत नाही आणि ताब्याचा नेहमीचा दावा चालवता येतो.

सगळं एका तारखेवर फिरतं

एनसीएलटीने अर्ज दाखल करून घेतला की दिवाळखोरीची प्रक्रिया आणि त्याच दिवसापासून आयबीसीच्या कलम १४चा मोरॅटोरियम सुरू होतो. कंपनीच्या वापरात किंवा ताब्यात असलेली जागा मालकाला परत घेता येत नाही, हे या कलमात स्पष्ट लिहिलं आहे. चालू असलेला दावाही तिथेच थांबतो. ‘तो भाडेकरू नाही, लिव्ह अँड लायसन्सवर आहे’ हा युक्तिवाद इथे कामाचा नाही. गोरेगावच्या सिद्धार्थनगर पुनर्विकासाच्या प्रकरणात म्हाडाने विकासकाकडून जमिनीचा ताबा मागितला होता. २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की या कलमात प्रत्यक्ष वापर पाहायचा, हक्क कोणता आहे ते नाही. जागा म्हाडाची असूनही ताबा मिळाला नाही.

‘दिवाळखोरी झाल्यास करार आपोआप रद्द’ हे कलम करारात असलं तरी त्यावर विसंबू नका. केवळ दिवाळखोरीचं कारण देऊन केलेली करारसमाप्ती एनसीएलटी रोखू शकतं, हे गुजरात ऊर्जा प्रकरणात २०२१मध्ये ठरलं आहे. भाडं थकल्याचं कारण त्याहून भक्कम असतं, पण तेही मोरॅटोरियमच्या आधी वापरलेलं बरं.

ताबा आधीच घेणं

मुदतीआधी ताबा दोन प्रकारे मिळतो, दाव्याने किंवा समजुतीने. दावा रेंगाळतो आणि मध्येच मोरॅटोरियम आला तर अडकून पडतो. म्हणून बुडणाऱ्या कंपनीबाबत मी समजुतीच्याच बाजूने आहे, मग थोडी थकबाकी सोडावी लागली तरी चालेल. जागा परत केल्याचा लेखी करार, पंचनामा आणि किल्ल्या, हे तिन्ही एकाच दिवशी व्हायला हवं. कुलूप ठोकणं किंवा वीज तोडणं हा उपाय नव्हे. कोर्टात तो तुमच्यावरच उलटतो.

डिपॉझिटचा हिशोबही याच टप्प्यावर मिटवा. भारती एअरटेलच्या प्रकरणात जानेवारी २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की प्रक्रिया सुरू झाल्यावर येणं-देणं परस्पर वळतं करता येत नाही. अपवाद दोनच आहेत. एक, करारानुसार वजावट आधीच झालेली असेल. दुसरा, दोन्ही रकमा एकमेकींशी जोडलेल्या व्यवहारातल्या असतील. एकाच करारातलं डिपॉझिट आणि भाडं दुसऱ्या अपवादात बसतं असं म्हणता येतं, पण मग ते प्रक्रियेत कंपनीचा कारभार पाहणाऱ्या रिझोल्यूशन प्रोफेशनलला, म्हणजे आरपीला, पटवत बसावं लागतं. आधी केलेली लेखी वजावट असेल तर हा वादच उरत नाही. मात्र थकबाकीपोटी कंपनीचं फर्निचर किंवा यंत्रं उचलून नेऊ नका. प्रक्रियेआधीच्या वर्षभरात एकाच धनकोला झुकतं माप देणारे असे व्यवहार कलम ४३खाली रद्द होऊ शकतात.

सवलत देऊन थांबणं

धंदा चालू आहे, गिऱ्हाईक आहे, फक्त रोकड अडकली आहे अशी खात्री असेल तरच हा रस्ता धरा. सवलतीच्या बदल्यात प्रवर्तकाची वैयक्तिक हमी मागा. कंपनीचा मोरॅटोरियम हमीदाराला संरक्षण देत नाही. २०१८च्या दुरुस्तीने हे कायद्यात आलं आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. पूर्ण भाडं पण हमी नाही, यापेक्षा कमी भाडं आणि सोबत हमी मला कधीही सरस वाटते.

स्वतः एनसीएलटीत जाणं

थकलेलं भाडं हे ऑपरेशनल देणं, म्हणजे माल किंवा सेवेपोटीचं देणं, आहे का, यावर एनसीएलएटीने, म्हणजे एनसीएलटीच्या वरच्या अपील न्यायाधिकरणाने, आधी नाही म्हटलं, मग हो म्हटलं, आणि जुलै २०२२मध्ये पाच सदस्यांच्या पीठाने परवाना शुल्क, म्हणजे जागा वापरण्याचं शुल्क, ऑपरेशनल देण्यात बसतं असा निर्णय दिला. म्हणजे दार उघडं आहे, पण उंबरठा उंच आहे: मार्च २०२०पासून किमान थकबाकी १ कोटी रुपये लागते. महिना २ लाख भाडं आणि सहा महिने थकलेले असतील तर तुमचे १२ लाख होतात. तुम्हाला अर्जच करता येत नाही.

रक्कम पुरेशी असली तरी मी हा रस्ता सुचवणार नाही. आधी मागणीची नोटीस द्यायची, १० दिवस थांबायचं. गळती, दुरुस्ती किंवा क्षेत्रफळावरून जुना लेखी वाद निघाला तर अर्ज फेटाळला जातो. आणि अर्ज मंजूर झाला तर मोरॅटोरियम तुमच्याच जागेवर बसतो! अर्ज करणाऱ्याला वसुलीत अग्रक्रमही मिळत नाही. कर्ज देणाऱ्या धनकोंची समिती बसल्यावर अर्ज मागे घ्यायचा तर तिची ९० टक्के मतं लागतात, आणि त्या समितीत तुम्हाला मत नसतं.

प्रक्रियेत क्लेम टाकून राहणं

हा रस्ता अनेकदा निवडलेला नसतो, वाट्याला येतो. इथे पैशाचे दोन ढीग होतात आणि त्यांचं नशीब अगदी वेगळं असतं.

प्रक्रियेआधीची थकबाकी पहिल्या ढिगात. जाहीर सूचना निघाली की तिच्यातल्या मुदतीत फॉर्म बी भरून क्लेम टाका. कंपनी सावरण्याची योजना बँकांसारख्या वित्तीय धनकोंच्या ६६ टक्के मतांनी ठरते. कंपनी विकून पैसे वाटायची वेळ आली तर कलम ५३ची उतरंड लागते: आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगार आणि तारणावर कर्ज देणाऱ्या बँका, मग कर्मचारी, बिनतारणी वित्तीय धनको, सरकारी देणी, आणि त्यानंतर तुमची थकबाकी. तिथवर फारसं काही पोचत नाही.

मोरॅटोरियमच्या काळातलं भाडं दुसऱ्या ढिगात. मोरॅटोरियममुळे ज्याला जागा परत घेता येत नाही त्याचं येणं नियम ३१नुसार प्रक्रियेच्या खर्चात धरलं जातं, आणि हा खर्च सगळ्यांच्या आधी फेडायचा असतो. प्रक्रियेची बाह्य मुदत ३३० दिवसांची, म्हणजे साधारण ११ महिने. वरच्याच उदाहरणात मागचे १२ लाख उतरंडीच्या तळाशी राहतात आणि हे २२ लाख माथ्यावर. म्हणून दर महिन्याला आरपीच्या नावाने बिल पाठवा आणि पोच ठेवा. पैसे आले नाहीत तर कलम ६०(५)खाली एनसीएलटीत अर्ज करा. आणि पहिल्याच आठवड्यात आरपीला लेखी विचारा, ही जागा खरंच लागणार आहे का? खर्च वाचवायला तोही उत्सुक असतो. त्याने स्वतःहून जागा सोडली तर मोरॅटोरियम आड येत नाही.

इतर धनकोंशी तुलना केली की मालकाची अडचण लक्षात येते. बँकेकडे तारण आणि मत दोन्ही असतं. माल पुरवणारा नवी उधारी थांबवू शकतो. अत्यावश्यक ठरवलेला पुरवठा त्याला चालू ठेवावा लागला, तरी त्या काळातले पैसे न मिळाल्यास तो बंद करता येतो. जागामालकाला मात्र आपली जागा देतच राहावी लागते. २०२३मध्ये गो फर्स्ट ही विमान कंपनी बंद पडल्यावर विमानांच्या मालकांची अशीच कोंडी झाली होती, पण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून विमानांना मोरॅटोरियममधून वगळलं. गाळे आणि ऑफिसांच्या मालकांना अशी सूट नाही, आणि लहान मालकाचा तो एकच गाळा असेल तर हे मला फार अन्यायाचं वाटतं.

कंपनी लिक्विडेशनमध्ये, म्हणजे सगळं विकून बंद करण्याच्या टप्प्यात, गेली तर मोरॅटोरियम संपतो, पण कंपनीवर नवा दावा लावता येत नाही. लिक्विडेटरला तोट्याचे करार सोडून देण्याची मुभा असते, त्यासाठी त्याने सहा महिन्यांत अर्ज करायचा असतो. तो कधी करेल याची वाट पाहू नका. तुमचा करार ठेवायचा की सोडायचा, हे पत्र लिहून त्याला विचारा आणि उत्तरासाठी तारीख द्या.