एमसीबीपी: निळ्या ओएलईडीसाठी होस्ट घ्यायचा तर हाच, पण सब्लाइम्ड ग्रेड

आमच्या लॅबमध्ये निळ्या फॉस्फोरेसंट ओएलईडीवर (सेंद्रिय पदार्थांच्या पातळ थरांतून प्रकाश देणाऱ्या डिव्हाइसवर) काम सुरू करणाऱ्या प्रत्येकाला मी सीबीपी बाजूला ठेवून एमसीबीपी मागवायला सांगते. दोन्ही होस्ट आहेत, म्हणजे प्रकाश देणारा रेणू, डोपंट, ज्यात थोड्या प्रमाणात मिसळतात तो पदार्थ. दोघांचं रेणुसूत्र एकच, रेणुभारही एकच. मधे बायफेनिल (जोडलेली दोन बेंझिन वलयं), दोन्हीकडे कार्बाझोल (नायट्रोजन असलेला तीन वलयांचा गट). सीबीपीत कार्बाझोल पॅरा जागेवर (वलयांच्या जोडाच्या बरोबर समोर) आहेत, एमसीबीपीत मेटा जागेवर (त्याच्या शेजारी), बस. पण तेवढ्यानं संयुग्मन (रेणूभर इलेक्ट्रॉन पसरणं) आखडतं आणि ट्रिपलेट ऊर्जा (ज्या उत्तेजित अवस्थेतून फॉस्फोरेसंट प्रकाश येतो तिची ऊर्जा) साधारण 2.6 वरून 2.8 इलेक्ट्रॉन-व्होल्टवर जाते. फिरपिकसारख्या (इरिडियमच्या एका संयुगासारख्या) आकाशी डोपंटची 2.65 च्या आसपास असते, म्हणजे सीबीपीत ती उलटी होस्टकडे गळते. एमसीबीपीत डोपंटवरच राहते.

एमसीपी या दुसऱ्या कार्बाझोल होस्टची ट्रिपलेट ऊर्जा याहून थोडी वरच आहे, पण त्याची फिल्म साठ अंशांच्या आसपासच मऊ पडते आणि स्फटिक धरू लागते. एमसीबीपी नव्वदीपर्यंत टिकतं. डिव्हाइस तासन्‌तास चालवायचं असेल तर हा फरक फार मोठा आहे.

खरेदी करताना ग्रेड नीट बघा. एका पुरवठादाराकडून आलेली साधी पावडर दिसायला पांढरीशुभ्र होती, पण क्रूसिबल (पदार्थ तापवून उडवायची कुपी) तापताच चेंबरचा व्हॅक्यूम बिघडला. आत सॉल्व्हंट अडकलेलं होतं. संश्लेषणातून उरलेला ब्रोमिनचा अंश तर डोळ्यांना दिसतही नाही, आणि डिव्हाइसचं आयुष्य खातो. सब्लाइम्ड (वाफ करून पुन्हा गोठवून शुद्ध केलेला) माल महाग पडतो, पण इथे काटकसर करू नका. तो क्रूसिबलमधून शांतपणे उडतो, क्वार्ट्झ मॉनिटरवर (थर जमण्याचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर) दर स्थिर राहतो.

मात्र नुसता होस्ट बदलून निळा रंग वर्षानुवर्षं टिकेल ही अपेक्षा ठेवू नका. ट्रिपलेट अवस्थेतले रेणू आणि विद्युतभार एकमेकांवर आदळले की दोघांची ऊर्जा एकाच रेणूवर येते आणि कार्बाझोलचा कार्बन-नायट्रोजन बंध तुटू शकतो. म्हणून ही गर्दी पांगवायला हवी. मिशिगन विद्यापीठात ओएलईडी संशोधक स्टीफन फॉरेस्ट यांच्या गटानं 2014 मध्ये हेच केलं: एमसीबीपीमध्ये डोपंटचं प्रमाण सरसकट एक न ठेवता थराच्या एका बाजूकडून दुसरीकडे उतरतं ठेवलं आणि निळ्या डिव्हाइसचं आयुष्य दहापटीपर्यंत नेलं. आम्हीही आता थर असाच उतरता ठेवतो.

फक्त हिरवा डोपंट वापरणार असाल तर एवढा खर्च नको, सीबीपी पुरतं.