छातीवरचा हार्ट रेट पट्टा: मे ते जानेवारीचा अनुभव (थकव्यातून सावरणाऱ्या धावपटूंनी जरूर वाचा)

गेल्या आठवड्यात पट्टा बंद पडला. सर्व्हिस सेंटरचं उत्तर: "मॅडम, घामाने झालेलं नुकसान वॉरंटीत येत नाही." अहो, छातीला बांधायच्या वस्तूला घाम लागणार नाही तर काय लागणार?

ब्लूटूथ, अॅप वगैरे माहिती सगळीकडे आहे, ती परत देत नाही. मी दहा किलोमीटरच्या स्पर्धा धावायचे. डेंग्यूचा ताप गेला, थकवा मात्र राहिला. हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइड, बी १२, सगळे रिपोर्ट नॉर्मल. ठाण्यातल्या येऊरच्या डोंगराचा चढ चढून आले की त्या दिवशी छान वाटायचं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवायचं नाही. श्रमाचा त्रास असा उशिरा होतो, म्हणून "आज बरं वाटतंय" यावर विसंबताच येत नाही. कोच सर म्हणत, दर आठवड्याला थोडं थोडं वाढव. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने २०२१च्या मार्गदर्शक सूचनांत एमई/सीएफएसच्या (श्रमाने वाढणाऱ्या, दीर्घकाळ न जाणाऱ्या थकव्याच्या आजाराच्या) रुग्णांसाठी नेमकी हीच पद्धत, ठरावीक टप्प्यांनी व्यायाम वाढवत नेण्याची, नको म्हटलंय. डॉक्टरांनी ते समजावलं आणि पेसिंग, म्हणजे झेपेल तेवढंच करून वेळीच थांबणं, सुरू केलं. विश्रांती घेताना मिनिटाला पडणाऱ्या हृदयाच्या ठोक्यांत १५ मिळवायचे आणि त्यावर गेलं की बसायचं. माझे ६२, म्हणजे मर्यादा ७७.

७७ किती कमी असतात ते पट्टा लावल्यावर कळलं. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, घर तिसऱ्या मजल्यावर. पहिल्या वळणावरच ठोके मर्यादेवर जायचे आणि इशारा म्हणून फोन वाजायचा. मी पायरीवर बसून राहायचे, आणि शेजारच्या काकू दार उघडून "पाणी आणू का गं?" विचारायच्या. चादर वाळत घालायला हात वर केले तरी ९०. मनगटावरचं घड्याळ इथे उपयोगाचं नाही. चालताना माझं घड्याळ पावलांचा तालच ठोके म्हणून मोजायचं आणि ११० दाखवायचं. पट्टा हृदयाचा विद्युत संकेत घेतो, त्यामुळे आकड्यावर भरवसा ठेवता येतो.

आता टिचबटणांबद्दल. या वस्तूचं सगळं दुखणं सेन्सर पट्ट्याला जोडणाऱ्या त्या दोन टिचबटणांत आहे. ओल्या पट्ट्याला सेन्सर तसाच लावून ठेवला तर तो चालूच राहतो आणि सेल खातो. ठाण्याच्या पावसाळ्यात तर रात्रभर दोरीवर टाकूनही पट्टा सकाळी दमटच. सीआर २०३२ सेल स्टेशनबाहेरच्या घड्याळवाल्याकडे स्वस्त मिळतो, त्याचं काही नाही. पण श्रावणापर्यंत बटणांवर हिरवा गंज चढला, आकडे मधूनच गायब. जुलैत मी दोन तारे देणार होते.

दिवाळीनंतर मत बदललं. हवा कोरडी झाली, मंद चालण्यात घाम येईना, तेव्हा इलेक्ट्रोड (पट्ट्याचे छातीला टेकून संकेत घेणारे भाग) पाण्याने ओले करून लावायला लागले आणि आकडा पहिल्या मिनिटापासून स्थिर. तोवर अंथरुणाला खिळण्याचे दिवसही विरळ झाले होते. डॉक्टरांनी मर्यादा वाढवून दिली. डिसेंबरात उपवन तलावाची फेरी फोन एकदाही न वाजता झाली, तेव्हा मी रडले. पूर्ण बरी झालेय असं म्हणत नाही. धावणं म्हणजे अजून चालता चालता एखादं मिनिट जॉग, तेही बाकीचा दिवस मोकळा असेल तरच. पण हे मिनिट मला पट्ट्यामुळे मिळालं. थांबायचं कधी हे त्याने दाखवलं.

सर्व्हिस सेंटरने नुसत्या कापडी पट्ट्याचे मूळ किमतीच्या निम्मे पैसे सांगितले. दिले नाहीत. घरी लिंबू आणि जुन्या टूथब्रशने बटणं घासली, साध्या पाण्याने धुऊन पुसली, सेल बदलला. चालू झाला. वॉरंटीची तक्रार तरीही १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवली आहे.

चार तारे. घेणार असाल तर वापरून झाल्याबरोबर सेन्सर काढा, पट्टा साध्या पाण्यात खळबळा आणि बटणं कोरड्या फडक्याने पुसा, पावसाळ्यात तर न चुकता.